तरवड: माळ ओळखण्यापासून रोप जगवण्यापर्यंत

तरवड लावायचा विचार असेल तर पहिले काम बी शोधण्याचे नाही, जागा बघण्याचे आहे. हे झुडूप उघड्या, कोरड्या, उन्हात भाजणाऱ्या माळाचे आहे. तो माळ जसा आहे तसा राखला तर तरवड फार थोड्या कष्टात येतो. माळावर दाट झाडी उभी करायला निघालात तर तरवडही जातो आणि त्याच्यासोबतचे गवतही. म्हणून या लेखात लागवडीइतकीच जागा माळाला दिली आहे.

तरवड कुठे असतो

सह्याद्रीला पाऊस अडतो आणि त्याच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा पट्टा सुरू होतो. बारामती, इंदापूर, दौंड, माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, कर्जत, जामखेड, आष्टी, पाटोदा हा सगळा तरवडाचा मुलूख. वर्षाचा पाऊस साधारण ४५० ते ७५० मिलिमीटर आणि तोही लहरी. जमीन काळ्या कातळावर बसलेली, वर वीतभर किंवा त्याहून कमी माती, खाली मुरूम. काही ठिकाणी चुनखडीचे खडे. अशा जागी तरवड एक ते दीड मीटर वाढतो. खोल माती मिळाली तर अडीच-तीन मीटरपर्यंतही जातो.

त्याचे शेजारी ठरलेले असतात: बोर, हिवर, हेंकळ, नेपती, एखादी बाभूळ. खाली कुसळी, पवन्या आणि मारवेलसारखी गवते. हीच जागा चंडोल, धाविक, चिंकारा, काळवीट, लांडगा आणि खोकडाची. सोलापूरजवळचे नान्नजचे माळढोक अभयारण्य (१९७९), कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य (१९८०), सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य ही सगळी याच प्रकारच्या माळांवर उभी आहेत. तिथे पावसाळ्याच्या शेवटी एक फेरी मारली की तरवडाची नैसर्गिक मांडणी दिसते. झुडपे विरळ, मध्ये मोकळे गवत, ओघळीच्या कडेला थोडी दाटी. लागवड करताना नक्कल करायची ती याच मांडणीची.

महाराष्ट्राबाहेर कर्नाटक, आंध्र, तेलंगणा, तमिळनाडूच्या कोरड्या भागांत आणि श्रीलंकेतही तो आहे. तेलंगणाने तर त्याला, तिथल्या भाषेत तंगेडूला, राज्यफूल केले आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर मात्र तो जवळजवळ नाहीच. तिथे लावण्याचा हट्ट धरू नये. अतिपावसाच्या जागी मुळे कुजतात आणि जे जगते ते फुलत नाही.

खात्रीने ओळखणे

पिवळ्या फुलांच्या झुडपांत गफलत फार होते. रोपवाटिकेतून ‘तरवड’ म्हणून भलतेच रोप येऊ शकते. फुलावर विसंबू नका, पानाचा देठ पाहा. तरवडाचे पान संयुक्त असते, त्यावर पर्णिकांच्या ८ ते १२ जोड्या आणि टोकाला एकटी पर्णिका नाही. प्रत्येक जोडीच्या मध्ये, मधल्या दांड्यावर एक बारीक उभी ग्रंथी असते. बोटाने चाचपली तरी लागते, आणि तिच्यावर मुंग्या हमखास घुटमळताना दिसतात. पान फांदीला जिथे जोडले जाते तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी रुंद, गोलसर, हिरवी उपपर्णे असतात. ही उपपर्णे असली की शंका संपली. माळावरच्या इतर पिवळ्या झुडपांना ती सहसा अशी नसतात.

फूल चार-पाच सेंटिमीटर रुंद, पाच पाकळ्यांचे, पाकळ्यांच्या कडा चुणीदार आणि शिरा किंचित नारिंगी. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, बोटभर लांब, बी बसलेल्या जागा उठून दिसणारी. वाळली की फिकट तपकिरी होते आणि वाऱ्यावर खुळखुळते.

टाकळा पावसाळी, वर्षभरही न टिकणारा, पर्णिकांच्या फक्त तीन जोड्यांचा आणि लांब बारीक शेंगांचा. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार, जोड्या चार ते सहा, चुरगाळल्या की उग्र वास, आणि ग्रंथी फक्त देठाच्या बुडाशी एकच. बागेत लावतात तो परदेशी पिवळा कॅशिया दिसायला जवळचा आहे, पण त्याची ग्रंथी फक्त खालच्या दोन-तीन जोड्यांमध्ये असते आणि उपपर्णे अरुंद असतात. सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती सेन्ना युनिफ्लोराची. अमेरिकेतून आलेले हे केसाळ तण रस्त्याकडेला आणि पडीक माळांवर गालिच्यासारखे पसरते. कोवळ्या वयात त्याचे रोप तरवडासारखे वाटते. पण पर्णिका कमी, फार तर पाच जोड्या, अंगावर दाट लव आणि शेंग प्रत्येक बीमागे आवळलेली. माळावरून बी गोळा करताना ही शेंग चुकूनही पिशवीत जाऊ देऊ नका. माळाचे एवढे नुकसान दुसऱ्या कुठल्या चुकीने होत नाही.

माळ वाचा, मग ठरवा

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, गवत पिवळे पडू लागले आणि तरवड फुलला की जागेवर जा. दोरीने दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखा. असे पाच-सहा चौकोन माळाच्या वेगवेगळ्या भागांत घ्या: वरच्या सपाटीवर, उतारावर, ओघळीजवळ, वाटेच्या कडेला. प्रत्येकात तीन गोष्टी लिहा: तरवडाची झुडपे किती, जमिनीचा किती भाग गवताने झाकलेला आहे, आणि उघडी माती किंवा दगड किती.

आकडे वाचायची रीत अशी. जनावरे तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत. शेळीसुद्धा आजूबाजूचे सगळे ओरबाडून मगच त्याच्याकडे वळते. त्यामुळे गवत खुरटलेले आणि तरवड दाट असेल, तर तो तरवडाचा सुकाळ नसून गवताचा दुष्काळ आहे. वर्षानुवर्षे अति चराई झाली, गवत संपले आणि न खाल्ले जाणारे झुडूप तेवढे उरले. अशा ठिकाणी आणखी तरवड लावण्यात काही अर्थ नाही. तिथे चराईबंदी हवी. हिवरे बाजारसारख्या गावांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून गवत परत आणले. त्याच मार्गाने दोन पावसाळे जनावरे बाहेर ठेवली तर दाट तरवडाच्या बुडाशी तग धरून राहिलेले पवन्या आणि मारवेल आपोआप बाहेर पसरतात. काटेरी बोरीप्रमाणे तरवडाची दाटीही गवताच्या बियांना आसरा देते, म्हणून तिथला तरवड उपटूही नका.

उलट गवत चांगले आहे, पण चौकोनामागे एखादेही झुडूप नाही, आणि गावातली जुनी माणसे पूर्वी इथे तरवड होता असे सांगतात, तिथे लागवड करावी. व्यवहारात हा नियम पुरतो: दहा बाय दहा मीटरमध्ये चारपेक्षा जास्त झुडपे असतील तर नव्याने लावायचे नाही, एक ते चार असतील तर ओघळींच्या कडेने थोडी भर घालायची, काहीच नसेल तर विरळ लागवड करायची. चौथी शक्यता म्हणजे जिथे तरवड कधीच नव्हता असा निव्वळ गवताचा सपाट माळ. तो तसाच ठेवावा. धाविक आणि माळढोकासारख्या पक्ष्यांना दूरवर दिसणारी मोकळी जमीन लागते.

याच फेरीत आणखी एक पाहा. माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा वेडी बाभूळ आहे का? असेल तर तरवड लावण्याआधी ती हटवायला हवी. तिच्या सावलीत तरवड उंच, लुळा आणि बिनफुलांचा होतो आणि शेवटी मरतो. आणि लागवडीच्या नावाखाली जेसीबीने खोल समतल चर मारू नका. वीतभर मातीच्या माळावर चर मारले की वर मुरूम येतो, माती खाली जाते, गवताची मुळे तुटतात, आणि त्या उघड्या मुरमावर सर्वांत आधी येते ती सेन्ना युनिफ्लोराच.

बी कधी आणि कसे गोळा करायचे

तरवडाला फुले थोडीफार वर्षभर येतात, पण मोठा बहर सप्टेंबरच्या पावसानंतर येतो. त्या बहराच्या शेंगा डिसेंबर ते मार्च या काळात वाळतात. शेंग पूर्ण तपकिरी झाली, हलवल्यावर वाजली, पण अजून फाटली नाही, अशी वेळ पकडायची. हिरवट शेंगेतले बी उगवते, पण साठवणीत सुरकुतते आणि मरते.

एका झुडपावरून सगळ्या शेंगा घेऊ नका. किमान वीस-पंचवीस झुडपांवरून थोड्या थोड्या घ्या आणि प्रत्येकावर निम्म्याहून जास्त तशाच ठेवा. एकाच झुडपाचे बी घेतले तर पुढची सगळी लागवड एकाच घरातली होते आणि एखादा रोग किंवा कोरडे वर्ष सगळ्यांना एकदम गाठते. बी ज्या भागात लावायचे त्याच भागातले हवे. जतच्या माळासाठी तमिळनाडूचे बी मागवण्याचे कारण नाही. अभयारण्यातून काहीही गोळा करायचे असेल तर वनखात्याची परवानगी लागते, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तसे सांगतो. त्यापेक्षा गायरान, शेताचे बांध आणि रस्त्याकडेची झुडपे सोयीची.

शेंगा गोणपाटावर दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, मग हलक्या हाताने कुटून किंवा चोळून बी मोकळे करा आणि पाखडा. एका शेंगेत दहा ते वीस बिया असतात, पण त्यातल्या बऱ्याच आतून पोखरलेल्या निघतात. बारीक गोल भोक दिसले की ते बी टाकून द्यायचे. हे काम एका लहान भुंग्याच्या अळीचे. तिची अंडी शेंग झाडावर असतानाच घातली जातात, म्हणून वरून धडधाकट दिसणाऱ्या बियांतही अळी असू शकते आणि ती डब्यात बाहेर पडून उरलेले बी नासवते. उपाय सोपा आहे. बी कडक वाळवा, हवाबंद डब्यात भरा आणि तो डबा आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर थंड बियांवर दव धरते. ज्यांना फ्रीजर शक्य नाही त्यांनी बियांत चाळलेली लाकडाची राख मिसळून मडक्यात ठेवावे. असे राखलेले बी काही वर्षे टिकते, कारण त्याचे कवच टणक आहे.

कवच फोडण्याची रीत

हेच टणक कवच रोपवाटिकेत अडचण करते. प्रक्रिया न केलेले बी पेरले तर थोडे उगवते, बाकीचे महिनोन्‌महिने तसेच पडून राहते. बी मेलेले नसते, पाणीच आत गेलेले नसते.

मोठ्या प्रमाणासाठी गरम पाण्याची पद्धत वापरा.

१. बी साध्या पाण्यात टाका. तरंगणारे पोकळ बी काढून फेका, बुडालेले निथळून घ्या.
२. बियांच्या आठ-दहा पट पाणी उकळा. आच बंद करून तीन-चार मिनिटे थांबा, म्हणजे पाणी साधारण ८० ते ८५ अंशांवर येते.
३. ते पाणी बियांवर ओता. बी उकळत्या भांड्यात टाकून चुलीवर ठेवायचे नाही, गर्भ शिजतो.
४. त्याच पाण्यात रात्रभर, म्हणजे १२ ते २४ तास राहू द्या.
५. सकाळी फुगलेले बी वेगळे काढा आणि त्याच दिवशी पेरा. न फुगलेल्यांवर हीच क्रिया पुन्हा एकदा करा.

शंभर-दोनशे बियाच असतील तर सँडपेपर बरा. दोन पॉलिश पेपरांमध्ये बी धरून वरची चमक जाईपर्यंत घासा, मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. बी ज्या टोकाला शेंगेला चिकटलेले असते ते टोक घासले जाऊ नये, कोंब तिथूनच निघतो. तीव्र गंधकाम्लाची पद्धत प्रयोगशाळांमध्ये वापरतात. घरी किंवा गावच्या रोपवाटिकेत तिच्या वाटेला जाऊ नये, गरम पाणी तेवढेच काम करते.

फुगलेले बी ठेवून देता येत नाही. म्हणून जेवढ्या पिशव्या भरल्या आहेत तेवढेच भिजवा.

पिशवीतली रोपे

जूनच्या शेवटी किंवा जुलैत लावायची रोपे फेब्रुवारीच्या शेवटी ते मार्चमध्ये पेरा. त्याआधी पेरली तर रोप पिशवीत म्हातारे होते, मूळ तळाशी वेटोळे घालते आणि असे रोप माळावर दुसऱ्या उन्हाळ्यात उन्मळून पडते. पिशवी रुंदीपेक्षा खोलीला जास्त हवी. सहा इंच रुंद आणि आठ-नऊ इंच उंच पिशवी पुरते. खाली आणि बाजूंना मिळून आठ-दहा भोके हवीतच.

मिश्रण हलके ठेवा: माळाचीच मुरमाड माती दोन भाग, वाळू एक भाग, कुजलेले शेणखत अर्धा भाग. खत वाढवले की रोप भरभर, कोवळे आणि मऊ वाढते, आणि माळावर पहिल्याच उघडिपीत मान टाकते. काळी माती पिशवीत घालू नये. ती पाणी धरून ठेवते आणि रोप बुडाशी काळे पडून कोलमडते. याला मर म्हणतात. मर दिसली की आधी पाणी कमी करा, पिशव्यांत हवा खेळेल एवढे अंतर ठेवा आणि मेलेली रोपे पिशवीसकट बाहेर काढा.

प्रत्येक पिशवीत दोन बिया, एक सेंटिमीटर खोल. उगवण साधारण एक ते दोन आठवड्यांत होते. चार पाने आली की सशक्त रोप ठेवून दुसरे कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळे हलतात. पहिले तीन आठवडे रोज हलके पाणी, पुढे एक दिवसाआड. दर पंधरा-वीस दिवसांनी पिशव्या उचलून जागा बदला, नाहीतर सोटमूळ भोकातून जमिनीत शिरते आणि उचलताना तुटते. सावलीची जाळी फक्त उगवणीपर्यंत. मे महिन्यात रोपे पूर्ण उन्हात हवीत आणि पाणी तीन दिवसांआड. पाने थोडी मिटलेली, रोप वीत ते दीड वीत, खोड तळाशी तपकिरी होऊ लागलेले, हे लागवडीला तयार झालेले रोप. गुडघ्याएवढ्या हिरव्यागार रोपाचा मोह धरू नये.

छाटकलम करायचा प्रयत्न पुष्कळजण करतात. तरवडाच्या फांद्यांना मुळे सहजी फुटत नाहीत, आणि फुटली तरी सोटमूळ मिळत नाही. माळावर टिकते ते सोटमुळावर.

थेट टोकणी

माळ मोठा असेल तर पिशव्यांपेक्षा थेट टोकणी, म्हणजे माळावरच भोक करून बी पेरणे, परवडते आणि तिची झुडपे जास्त काटक निघतात, कारण मूळ पहिल्यापासून मुरमाच्या फटीत जागा शोधते. इथे एक युक्ती महत्त्वाची आहे: निम्मे बी प्रक्रिया केलेले आणि निम्मे न केलेले असे मिसळून टोका. पर्जन्यछायेत मृगाचा पाऊस होतो आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे उघडीप पडते. प्रक्रिया केलेले सगळे बी पहिल्या सरीला उगवते आणि मोठ्या उघडिपीत सगळेच जाते. कवच न फोडलेले बी मात्र जमिनीत थांबते, काही सप्टेंबरच्या पावसात येते, काही पुढच्या वर्षी. बिया एकदम न उगवणे ही माळावरच्या झाडांची विम्याची सोय आहे, ती पूर्ण मोडू नये.

टोकणीसाठी दोन चांगले पाऊस होऊन मुरूम वीतभर ओला झालेला हवा. मोठ्या दगडाच्या उताराखालच्या बाजूला, गवताच्या थोंबाच्या कडेला किंवा कातळाच्या भेगेत पहारीच्या टोकाने दोन-तीन सेंटिमीटर भोक करा, तीन-चार बिया टाका, माती दाबा आणि वर मूठभर वाळके गवत ठेवा. दगडाच्या आडोशाला ओल जास्त दिवस राहते आणि जनावराचा पाय पडत नाही. बीजगोळे फेकण्याचे कार्यक्रम पुष्कळ होतात, पण कडक माळावर गोळा वरच पडून वाळतो, आतले कवच फुटलेले नसते, आणि पावसात विरघळलेली माती बियांसकट ओघळीत वाहून जाते. तेवढेच बी आणि तेवढीच माणसे टोकणीला लावली तर कितीतरी जास्त झुडपे उभी राहतात.

रोपांची लागवड

पिशवीतली रोपे लावायची तर खड्डा ३० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर पुरे. उन्हाळ्यात खणून तापू द्या. निघालेला वरचा मातीचा थर आणि खालचा मुरूम वेगळे ठेवा, भरताना माती मुळांजवळ आणि मुरूम वर. बाहेरची माती किंवा रासायनिक खत घालू नका. समृद्ध खड्ड्यात मूळ खड्ड्याबाहेर जायला तयार होत नाही.

वाफसा आल्यावर, शक्यतो ढगाळ दिवशी लावा. पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढा. तळाशी मूळ वळलेले असेल तर तेवढे टोक कापा. रोपाची मान जमिनीच्या पातळीला हवी, खोलगट भागात नको. उतारावर प्रत्येक रोपाच्या खालच्या अंगाला अर्धा मीटर त्रिज्येचा, वीतभर उंच, अर्धचंद्राकृती दगडी बांध घाला, त्याचे तोंड चढाकडे. वरून येणारे पाणी आणि माती तिथे थबकते, आणि गवताचे बीही तिथेच धरते. सपाट जागी आळे करू नका. पाणी साचले की तरवड पिवळा पडतो आणि पावसाळ्यातच जातो.

अंतर मापाच्या पट्टीने नको. तीन ते पाच झुडपांचा पुंजका, त्यात दीड-दोन मीटर अंतर, आणि दोन पुंजक्यांमध्ये पंधरा-वीस मीटर मोकळे गवत. रांगा आखून दाट लावलेला तरवड फोटोत छान दिसतो, पण त्याखाली गवत राहत नाही.

शेताच्या बांधावर किंवा कुंपणासाठी गोष्ट वेगळी. तिथे ६० ते ७५ सेंटिमीटरवर एक रांग चालते. पहिल्या वर्षी गुडघ्यावर शेंडा खुडा म्हणजे बुडातून फुटवे येतात. तरवड शेंगावर्गीय असला तरी त्याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी सहसा नसतात, तेव्हा नत्र मिळेल या हिशेबाने तो लावू नये. पाला हिरवळीच्या खतासाठी जरूर वापरावा.

पहिली दोन वर्षे

पहिल्या हिवाळ्यापासून मेपर्यंत महिन्यातून एकदा चार-पाच लिटर पाणी मिळाले तर बहुतेक रोपे तरतात. आठवड्याला पाणी देऊ नये, मुळे वरच राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्याची गरज उरत नाही. उन्हाळ्यात पाने गळून काटक्या उरल्या तर रोप मेले असे समजून उपटू नका. खोडाची साल नखाने खरवडा, आत हिरवे असेल तर पावसात ते फुटते. वणव्यात वरून जळलेले झुडूपही बुडातून फुटते, फक्त त्या वर्षी तिथे गुरे जाऊ देऊ नयेत.

रोप मरण्याची कारणे मोजकी आहेत. खालून वर पिवळे पडत गेले तर पाणी साचते आहे. एकदम मान टाकून वाळले आणि ओढल्यावर सहज निघाले तर वाळवी किंवा वळलेले मूळ. उंच, बारीक, फुलाविना राहिले तर सावली. जमिनीलगत मोडलेले दिसले तर जनावरांचे पाय. त्यासाठी बोरीच्या चार काट्या रोवल्या की पुरते.

छाटणी शेंगा वाळून गेल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. जमिनीपासून ३० सेंटिमीटर ठेवून वर कापले तरी पावसात जोमाने फुटते. कातडी कमावण्यासाठी याची साल फार पूर्वीपासून वापरतात. साल हवी असेल तर अशी छाटलेल्या फांद्यांचीच काढावी. उभ्या खोडाची साल गोल सोलली की ते खोड मरते. नवरात्रात घटाच्या माळेसाठी फुले लागतात तेव्हा फुले खुडावीत, फांदी मोडू नये. त्याच फांदीवर पुढच्या शेंगा असतात. फुले आणि पाने मधुमेहावर घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. चालू औषध बंद करून काढा सुरू करणे धोक्याचे आहे, तेव्हा हा विषय डॉक्टर किंवा वैद्यांकडेच न्यावा.

अळ्या आणि भुंगे

लागवड चांगली झाली याची पहिली खूण बहुधा कुरतडलेली पाने असते. कॉमन एमिग्रंट आणि मॉटल्ड एमिग्रंट ही फुलपाखरे कोवळ्या पानांवर उभी, पांढरट, निमुळती अंडी एकेक करून घालतात. अळी हिरवी, तिच्या अंगाच्या कडेने फिकट पट्टा आणि काळे बारीक ठिपके. पावसाळ्यात एखादे झुडूप ती पूर्ण बोडके करते, आणि महिनाभरात ते पुन्हा पालवते. फवारणी कशाचीच करू नका, निंबोळी अर्काचीही नाही. फक्त वीतभर रोपावर तीन-चारपेक्षा जास्त अळ्या दिसल्या तर जादाच्या उचलून मोठ्या झुडपावर सोडा.

फुलात मध नसतो, फक्त पराग असतो. आणि तो परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून झटक्याशिवाय बाहेर पडत नाही. काळा मोठा भुंगा (बी पोखरणारा लहान भुंगा नव्हे, लाकूड कोरून राहणारा) फुलाला घट्ट धरून पंखांचे स्नायू थरथरवतो, त्या कंपनाने पराग उडतो आणि काही त्याच्या अंगाला लागतो. सकाळच्या उन्हात झुडपाजवळ उभे राहिले तर ती घुमणारी थरथर स्पष्ट ऐकू येते. पाळीव मधमाशीला हे जमत नाही, ती सांडलेला पराग वेचते. म्हणून फुले भरपूर आणि शेंगा अगदी कमी अशी तक्रार असेल तर मधमाश्यांच्या पेट्या ठेवून ती मिटत नाही. भुंग्यांना घरासाठी वाळके लाकूड लागते. बांधावरचा जुना वठलेला बाभळीचा किंवा बोरीचा ओंडका जळणाला नेऊ नका. तो नसेल तर मनगटाएवढी वाळकी फांदी कुंपणाला आडवी, पावसापासून आडोशाला, कमरेएवढ्या उंचीवर बांधून ठेवा. तिच्यात गोल भोक आणि खाली लाकडाचा भुसा दिसू लागला की भुंगा वस्तीला आला, आणि पुढच्या हंगामापासून शेंगांची संख्या मोजायला घ्या.